परत येणारी ओळ

भिंग्याच्या दुकानात दोनच प्रकारची माणसं यायची. एक, ज्यांची वस्तू बिघडलीय. दुसरी, ज्यांची वस्तू ठणठणीत आहे पण घरच्यांशी बिघडलंय आणि घटकाभर बसायला जागा हवीय. सिस्टर दोन्हींत बसत होती, हे त्याला नंतर कळलं.

ती हॉस्पिटलातून थेट आली होती. पन्नाशीची बाई, पायात पांढरे बूट, चालणं असं की रस्त्यातली माणसं आपोआप बाजूला होतात. अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. नवरासुद्धा सिस्टरच म्हणायचा, आणि त्यावरचे सगळे विनोद केव्हाच करून झाले होते. तिनं एक ढकलगाडी दारातून आत घुसवली. गाडीवर लोकरीच्या शालीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, झोपलेलं पोर आणावं तसं.

"हे बघ," ती म्हणाली. "उघड, पण मोडू नकोस."

"ताई, मोडायचे पैसे मी वेगळे घेतो," भिंग्या म्हणाला.

त्याचं खरं नाव आता त्याच्या आईलाही आठवून सांगावं लागायचं. घड्याळजी लावतात तसलं भिंग त्याच्या डाव्या डोळ्याला कायम चिकटलेलं, म्हणून भिंग्या. जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्हीला लावायचे जुने गेम, हे सगळं तो दुरुस्त करायचा. शिक्षण किती झालं असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "उघडून बघितलं तेवढं."

त्यानं शाल बाजूला केली.

लाकडी पेटी होती. शिलाई मशीनच्या झाकणाएवढी, कडा हातानं घासून गोल केलेल्या. पुढच्या उतारावर ओळीनं बटणं, आणि बटणं म्हणजे खरीखुरी बटणं. कोटाची. तपकिरी, चार भोकांची. प्रत्येकावर बारीक कुंचल्यानं एक अक्षर नाहीतर आकडा काढलेला. मागच्या बाजूला टीव्हीची वायर लावायची जागा. कंपनीचं नाव नाही, नंबर नाही, शिक्का नाही.

त्यानं एक बटण दाबलं. टक्. आवाज इतका नेमका आला की त्यानं उगाच परत दाबलं.

"ताई, हा कॉम्प्युटर आहे."

"गप रे. आमच्या घरात मिक्सर आला तेव्हा शेजारी बघायला आले होते."

"घरी वापरायचाच आहे. टीव्हीला लावून. पण हा कारखान्यात झालेला नाही. वस्तू बाजारात आणायच्या आधी कुणीतरी पहिला नग हातानं करून बघतं ना, तसला हा पहिला नग आहे. प्रोटोटाइप. आणि ह्याच्यानंतरचा दुसरा बहुतेक कधी झालाच नाही." त्यानं भिंग वर केलं. "कुणी केला?"

सिस्टर स्टुलावर बसली. "तेच विचारायला आलेय."

मग तिनं सांगितलं. आई नुकतीच गेली. तिचं घर रिकामं करायचं होतं. ही पेटी आईच्या पलंगाखाली असायची, लहानपणापासून, आणि तिला हात लावायचा नाही हा घरातला कायदा. बाबा सिस्टर रांगत असतानाच गेले. आई लोकरीच्या कारखान्यात मशीनवर स्वेटर विणायची. वरच्या खोलीत एक भाडेकरू ठेवला होता, टेलिफोन खात्यातला इंजिनियर. सिस्टर त्याला टेलिफोनकाका म्हणायची. रोज संध्याकाळी तो खाली यायचा, आईशी बोलत बसायचा. मग त्याची बदली झाली आणि तो गेला. पेटी राहिली.

"मामा म्हणतो, ती त्याची. म्हणतो, तुझी आई जन्मभर परक्या पुरुषाचं खोकं कुरवाळत बसली. माझ्या लग्नात हे बोलणं झालं, बारशात झालं, परवा तिला पोचवून आलो तेव्हा पण झालं." तिनं शालीची घडी घातली. "मला बाकी काही नको. ही त्याची आठवण म्हणून तिनं ठेवली होती, की ही तिचीच होती, एवढं सांग. त्याची असेल तर रविवारी मामाचा टेम्पो येतोय भंगार न्यायला, त्यात जाऊ दे. मला ती घरात नको."

"आणि आईची असेल तर?"

"स्वेटर विणणाऱ्या बाईची कशी असेल?" असं म्हणाली खरी, पण विचारल्यासारखं म्हणाली.

ती गेल्यावर भिंग्यानं पेटी उघडली. पहिल्याच नजरेत मामा बरोबर निघाला. कोटाच्या बटणांखाली ज्या पितळी स्प्रिंगा होत्या त्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या. डोळे मिटून सांगितलं असतं त्यानं. वायरी पण टेलिफोनच्याच, तेच रंग. भिंग्याला वाईट वाटलं. आपल्याला काय त्याचं, असं स्वतःला म्हणून झालं, तरी वाटलं.

मग त्यानं खालचा कप्पा सरकवला आणि वाईट वाटायचं थांबलं.

आत कापड होतं. म्हणजे कापड नव्हतं, पण दिसत होतं तसंच. मोहरीएवढ्या काळ्या कड्या, रांगाच्या रांगा, आणि त्यांच्यातून केसासारखी बारीक तांब्याची तार ओवत नेलेली. एका कडीच्या आतून, दुसरीच्या बाहेरून, तिसरीच्या आतून. ही पेटीची आठवण. ह्या जातीच्या यंत्रात जे काही लक्षात ठेवायचं ते असं विणूनच ठेवायचं. तार कडीतून गेली तर 'हो', बाहेरून गेली तर 'नाही'. अशा हजारो 'हो' आणि 'नाही' मिळून एक काम होतं. भिंग्यानं हे फोटोत बघितलं होतं. मोठमोठ्या प्रयोगशाळांत, मोठमोठ्या सरकारांसाठी. कोटाची बटणं लावलेल्या पेटीत नव्हतं बघितलं.

आणि एकाही ठिकाणी तार ताणलेली नाही. सैल नाही. जोड नाही. तो त्या चौकटीवर वाकला तो वाकलाच, चहा गार झाला, बाहेर एक गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं. शेवटी मान आखडली तेव्हा तो सरळ झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "कोण रे बाबा तू?"

एक गोष्ट मात्र त्याला खटकली. एका कोपऱ्यात छोटीशी पाटी होती, बाकी सगळ्या कामापासून फटकून. आठवण वाचणाऱ्या तारा तिच्यातून जायच्या, आणि तिथं ती वाट दुहेरी केलेली. एकदा सरळ, एकदा उलट, एकदा सरळ, एकदा उलट. त्यानं नकाशा काढून बघितलं, काही अर्थ लागेना. आता भिंग्याचा एक दोष सांगितला पाहिजे. स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या माणसाला एखादी गोष्ट कळली नाही की तो ती दुसऱ्याची चूक समजतो. त्यानं ठरवलं, नंतर कुणीतरी नवशिक्यानं घातलेला हा गोंधळ आहे. पाटी काढली, वाट सरळ जोडली आणि पाटी एका फुटक्या कपात टाकून दिली.

पेटीचा वीज देणारा भाग सापडत नव्हता, म्हणून तो सिस्टरच्या आईच्या घरी गेला. वरची खोली, खालची खोली, मध्ये अरुंद जिना. मामा आधीच खालच्या खोलीत येऊन बसला होता. पायावर पाय, हातात पेपर, मदतीला आलेला माणूस बसतो तसा.

"हाच का तो तुझा शास्त्रज्ञ?" मामानं भिंग्याकडे न बघता विचारलं.

"मामा, तो मदत करतोय. तू पण कर. ती पितळी भांडी तरी बांध."

"मी देखरेख करतोय." मग भिंग्याला म्हणाला, "हिच्या आईच्या नादी लागू नकोस रे. फार डोकेबाज बाई. आणि ही तिच्याच वळणावर. तोंड बापाचं, पण हात बघ, हुबेहूब आईचे. परवा आईचे हातमोजे घालून बघितले, सुतभर कमी नाही की जास्त नाही. स्वभाव पण तसलाच, काय बोलायची सोय नाही."

टेलिफोनकाका गेल्यापासून आई वरच्या खोलीत झोपायची. तिथं खिडकीपाशी घरगुती विणण्याचं मशीन होतं. लांबलचक पट्टी, तिच्यावर सुयांची रांग, वर एक लोखंडी गाडी. त्याच्याच खाली पलंगाशेजारी पेटीचा वीज देणारा भाग मिळाला. तो उचलून भिंग्या जिन्याकडे निघाला तर सिस्टरनं आडवा हात घातला.

"रिकामा खाली चाललास?"

"रिकामा कुठे? हे आहे ना हातात."

"दुसरा हात?" तिनं त्या हातात कचऱ्याची पिशवी दिली, आणि काखेत मोडकी छत्री. "सवय आहे आमची. आई म्हणायची, जाताना नेलंस ते काम, येताना आणलंस तर संसार. ह्या घरात जिन्यावरून कुणी रिकाम्या हातानं वर गेलं नाही की खाली आलं नाही. मी पाहुण्यांच्या हातात पण बादली द्यायचे."

"म्हणून मी वर येतच नाही," मामा खालून, पेपरमागून म्हणाला.

दुकानात येऊन भिंग्यानं म्हातारे झालेले कपॅसिटर बदलले, सगळी जोडणी मीटर लावून तपासली, आणि सिस्टरला बोलावून घेतलं. ती ड्युटीच्या मधल्या सुट्टीत आली. त्यानं जुना टीव्ही लावला आणि बटण दाबलं.

आधी नुसता प्रकाश. मग काळ्या काचेवर पांढऱ्या ठिपक्यांचं एक फूल उमललं.

खरंच उमललं. एकेक ओळ करत, खालून वर. सिस्टर उभी राहिली. इतकी वर्षं पलंगाखाली पडलेल्या तारेला अजून फूल आठवत होतं.

"पुढचं," ती म्हणाली.

त्यानं पुढचं बटण दाबलं. आणि सगळं विस्कटलं. इकडे ठिपके, तिकडे ठिपके, फणीचे दात मोडावेत तसे. पुढचं, तेच. त्याच्या पुढचं, एक चौकट बरोबर आली. मग परत विस्कटलेलं. भिंग्या घामाघूम. तारा हलवून झाल्या, टीव्हीला थापट मारून झाली.

"म्हणजे?" सिस्टरनं विचारलं.

"म्हणजे..." त्याला खोटं बोलता येत नसे, हा धंद्यातला मोठा तोटा होता. "करणाऱ्याला पूर्ण जमलं नाही, ताई. एखादं चित्र बरोबर आलं, बाकीच्यांत चुकला. अर्धवट आहे."

सिस्टर बराच वेळ त्या विस्कटलेल्या काचेकडे बघत राहिली. "म्हणजे त्याला जमलं नाही म्हणून तो टाकून गेला. आणि हिनं ते बंद पडलेलं खोकं जन्मभर सांभाळलं. मामाच बरोबर." ती उठली. "जाऊ दे टेम्पोत. तुझे किती झाले ते सांग."

ती दाराकडे निघाली, आणि निघता निघता टेबलावरचे चहाचे रिकामे ग्लास तिनं बोटांत अडकवले, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला परत द्यायला. न बघता, सवयीनं.

ग्लासांचा किणकिण आवाज गल्लीत लांब जाईपर्यंत भिंग्या ऐकत होता. जाताना काम, येताना संसार.

मग तो पळाला. दुकान उघडं टाकून, भिंग डोळ्यावर तसंच. कोपऱ्यावर सिस्टरला गाठलं.

"ताई, आईचं ते मशीन चालतं?"

"कुठलं?"

"विणायचं! तुम्हाला चालवता येतं?"

"अरे मला ड्युटी आहे."

"एकच ओळ. नाही, दोन. दोन ओळी विणून दाखवा. पाया पडतो."

आईच्या घरी सिस्टरनं बूटसुद्धा न काढता मशीनवर लोकर चढवली. लोखंडी गाडीची मूठ धरली आणि डावीकडून उजवीकडे ढकलली. घर्रर्र. एक ओळ विणली गेली. मग तिनं गाडी उजवीकडून डावीकडे ओढली. घर्रर्र. दुसरी ओळ.

"थांबा," भिंग्या म्हणाला. "आत्ता गाडी परत आणलीत. परत आणताना पण विणलं?"

"मग काय? परत आणताना नुसती कशाला आणायची?"

"म्हणजे दुसरी ओळ उलट्या बाजूनं सुरू होते."

"सगळ्या जगात तशीच होते. जी सुई पहिल्या ओळीत शेवटची, ती दुसऱ्या ओळीत पहिली. हातानं विणलं तरी तेच. हे लहान पोरीला पण माहीत असतं."

भिंग्या जमिनीवरच बसला. "मला नव्हतं माहीत," तो म्हणाला. "कुठल्याच इंजिनियरला नसतं. ताई, यंत्र वाचतं ना, ते पुस्तकासारखं वाचतं. ओळ संपली की उडी मारून परत पहिल्या टोकाला. परत येताना रिकामं. फूल बरोबर का आलं? फूल दोन्ही बाजूंनी सारखं असतं. उलटं वाचलं तरी फूलच. चौकट पण तशीच. बाकीची चित्रं तशी नाहीत. ती विस्कटलेली नाहीत, मी चुकीची वाचली. ती पाटी गोंधळ नव्हती!" त्यानं स्वतःच्या कपाळावर जोरात मारलं, तर भिंग खाली पडलं. "ती गाडी होती. एक ओळ सरळ, एक ओळ उलट. तीच मी काढून कपात टाकलीय."

सिस्टरनं हॉस्पिटलला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं की आज उशीर होईल.

दुकानात परतल्यावर भिंग्यानं कपातून पाटी बाहेर काढली. फुंकर घालून एकेक तार त्यानं होती तशी लावली, स्वतःचं डोकं अजिबात न चालवता. बटण दाबलं. फूल. दुसरं बटण.

काचेवर पक्षी बसला होता.

मान वळवून मागे बघणारा, शेपटी उचललेली. ठिपक्यांचाच, पण असा की आत्ता उडेल. पुढचं बटण, पान. मग ती चौकट, आणि तिच्या पुढचं, धावणारा घोडा. एकेक चित्र खालून वर विणलं जात होतं, गाडी जात होती, गाडी येत होती, आणि एकही टाका चुकला नव्हता. देवळात शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसं झालं होतं.

बऱ्याच वेळानं सिस्टर म्हणाली, "पण ह्यानं काय सिद्ध होतं? त्यानं आखलं असेल, तिनं विणून दिलं असेल. माझ्या आईचे फक्त हात असतील."

भिंग्याला नाही म्हणता येईना. त्याला मनातून खात्री होती, पण खात्री म्हणजे उत्तर नव्हे.

"टेलिफोनकाका आहेत का अजून?"

"असतील तर नव्वदीला आले असतील," ती म्हणाली, आणि फोन काढला. शहरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे पत्ते कुठल्या ना कुठल्या सिस्टरकडे असतातच.

टेलिफोनकाका पुतण्याकडे राहत होते, तळमजल्यावरच्या खोलीत. जन्मभर टेलिफोनमध्ये काढलेला माणूस आता ठार बहिरा झाला होता, कानात यंत्र लावूनसुद्धा समोरच्याच्या ओठांकडे बघायचा. शनिवारी दुपारी दोघं पेटी आणि दुकानातला जुना टीव्ही घेऊन गेले. सिस्टरनं शाल काढली, आणि म्हाताऱ्यानं हात पुढे करून कोटाचं एक बटण नुसतं कुरवाळलं.

"तू छोटी ना?" तो म्हणाला. "हात तिचेच आहेत."

"काका, सरळ विचारते," सिस्टर त्याच्यासमोर वाकून, ओठ मोठे करत म्हणाली. "ही तुमची आहे का?"

"माझी?" म्हातारा इतका दचकला की कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं. "अगं, मी स्प्रिंगा आणून दिल्या. भंगारातल्या होत्या, चोरल्या नव्हत्या, आधीच सांगतो. आणि कड्यांमधून तार ओवून आठवण ठेवता येते, असं एका संध्याकाळी सहज बोललो. सहज हं. ती डाळ निवडत होती. मला वाटलं, ऐकत पण नाही. दुसऱ्या दिवशी तिनं एक प्रश्न विचारला. मग रोज एक. मी उत्तर द्यायचो, आणि पुढच्या दिवशीचा प्रश्न माझ्या उत्तराच्या पलीकडे गेलेला असायचा. शेवटी शेवटी मी दुपारी लायब्ररीत बसून अभ्यास करायचो, संध्याकाळी तिला तोंड द्यायला!"

"पण आखणी?"

"तिची. सगळी तिच्या डोक्यात. म्हणायची, बायका लोकर उसवून उसवून विणतात, माप चुकतं, जीव जातो. आधी टीव्हीवर बघता आलं तर? घरोघरी एक पेटी हवी म्हणायची. मी हसलो होतो." तो पेटीवर वाकला. "आणि ही कोपऱ्यातली पाटी. ह्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, बाई, हे उलटंय. सगळं जग एका बाजूनं वाचतं. ती म्हणाली, मग जगाला सांगा, माझी गाडी परत येताना रिकामी येणार नाही."

सिस्टरनं तोंडावर हात ठेवला. हसू की रडू, तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

"मी तिला लग्नाचं विचारलं होतं," म्हातारा पेटीकडे बघत म्हणाला. "तू आलीच आहेस तर सांगतो. ती म्हणाली, आधी दुसरी ओळ उलटी का ते समजून घ्या, मग विचारा."

"मग?" भिंग्यानं न राहवून त्याच्यासमोर येऊन विचारलं.

"मला समजलंच नाही! खात्यातला इंजिनियर मी, नाक वर. बदली घेतली. मग एकदा त्या गावी बसस्टॉपवर उभा होतो. एक बस भरून गेली. थोड्या वेळानं तीच बस पलीकडून परत आली, भरूनच. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एकटाच हसत सुटलो. लोक सरकून उभे राहिले."

"मग कळवलं का नाही तिला?"

"काय कळवणार, पोरी? घंटा झाल्यावर पेपर कुणी घेतं का?"

भिंग्यानं उगाचच टीव्हीच्या वायरी जोडायला घेतल्या. पक्षी आला, घोडा आला. म्हातारा प्रत्येकाला मान हलवत होता, जुने शेजारी भेटल्यासारखी. मग एकदम म्हणाला, "कोपऱ्यातलं दाबलंत?"

सगळ्यात खालच्या कोपऱ्यात एकच बटण वेगळं होतं. छोटं, गुलाबी, बाळाच्या झबल्याचं. त्यावर अक्षर नव्हतं. भिंग्यानं ते नुसतं शोभेचं समजलं होतं.

"मला कधी दाबू दिलं नाही," म्हातारा म्हणाला. "म्हणाली, हे तुमच्यासाठी नाही. हे पोरीसाठी आहे."

सिस्टरनं ते दाबलं.

काच काळी झाली. मग खालून वर, ओळीनं ओळ, एक हातमोजा विणला गेला. बाळाचा. वाटाण्याएवढा अंगठा, बाकी नुसता गोळा. खाली एक आकडा: एक.

तिनं परत दाबलं. मोजा पुसला गेला, नवा आला. किंचित मोठा. आकडा दोन. भिंग्या पुढे सरसावला. "हे विणून ठेवलेलं चित्र नाही. ताई, ते हिशोब करतंय! वय धरून माप काढतंय. टाके मोजून मग काढतंय."

परत. तीन. परत. चार. ती दाबत गेली आणि काचेवर हात वाढत गेला. बोटं लांब झाली, तळवा रुंदावला. बाळाची पोर झाली, पोरीची मोठी मुलगी. एकेका टक् बरोबर एकेक वर्ष. मग एका ठिकाणी आकडा वाढला, पण हात वाढला नाही. परत दाबलं. तेवढाच. शेवटचं माप आलं होतं.

"दुसरीकडचा?" म्हातारा पुटपुटला. "उजवा असेल तर डावा पण हवा ना. त्याची तार वेगळी कुठाय?"

भिंग्यानं कोपऱ्यातल्या पाटीवरची बारीक खुंटी सरकवली. परत येणारी ओळ आधी, जाणारी नंतर. अंगठा ह्या बाजूचा त्या बाजूला गेला. एकच मोजा विणलेला होता, आणि जोडी पूर्ण होती. जाताना एक हात, येताना दुसरा. भिंग्याला वाटलं, आपण इतकी वर्षं वस्तू उघडत आलो ते ह्याच्यासाठी.

सिस्टरनं हात उचलला आणि काचेवर ठेवला. बोटांना बोटं, अंगठ्याला अंगठा. सुतभर कमी नाही की जास्त नाही.

"हा माझा नाही," ती हळूच म्हणाली. "शेवटचं माप कुणाचं घेणार ती? घरात मोठा हात एकच होता."

म्हाताऱ्यानं डोळे पुसले. टीव्हीची काच कोमट होती, आणि सिस्टरचा हात तिथंच होता.

तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. तिनं डाव्या हातानं काढला. उजवा काचेवरून उचलला नाही. पलीकडून मामाचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. म्हाताऱ्याला सोडून सगळ्यांना.

"उद्याचं काय ठरलं? त्या खोक्यासाठी पाठवू ना टेम्पो?"

"पाठव की, मामा," सिस्टर म्हणाली. "पण सांगून ठेव त्याला. परत जाताना रिकामा जाईल. आईचा नियम आहे, पण एवढ्या एका वेळेला ती काही म्हणणार नाही."